डावीकडे सरकवलेली थाप

बेझनबाग, दुसरा माळा, मे महिना.
कूलर बंद करून बसलोय,
कारण माइकला आधी कूलर ऐकू येतो, मग माणूस.
खिडकीला ओली चादर. लॅपटॉपच्या बुडाशी
स्टीलचं उपडं ताट, तेही तापलेलं.

समोर धनपाल वासनिक, अजनी शेडमधून निवृत्त,
मांडीवरच्या ढोलकच्या कड्या ओढताहेत.
पेटी देवाजी पेंदामांची,
गोंदियाहून, मुलीच्या फोनवरून आलेली,
कुकरच्या दोन शिट्ट्यांसकट.

दोघांना एकत्र करायचं, एवढंच काम.
म्हटलं तर बेरीज.
पहिल्या दिवशी मी साधीच बेरीज केली.
बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत सारं ठीक,
पुढे एक पाऊल पडलं की आकडा
थेट उण्याच्या तळाला जाऊन आदळतो.
स्पीकरमधून पत्रा फाटल्यासारखं काहीतरी निघालं.
"हे कोण ओरडून राहिलं बे?"
तुम्ही दोघंच, काका. दोघंही एकदम, पुऱ्या ताकदीनं.
मग दोघांनाही थोडं थोडं उतरवलं.

उशीर मात्र बेरजेत सापडेना.
बफर हजार चोवीसचा पाचशे बारा केला,
मग दोनशे छप्पन्न, मग चौसष्ट.
चौसष्टला आवाज तडतडायला लागला,
फोडणीत मोहरी टाकावी तसा.
त्या थ्रेडचे नियम पाठ आहेत मला:
तिथे कुणासाठी थांबायचं नाही,
कुलूप लावायचं नाही, मेमरी मागायची नाही,
फाइलीला हात लावायचा नाही.
आणि मीच तिथे एक ओळ छापत बसलेली,
आपल्याला कळावं म्हणून, काय चाललंय ते.
ती काढली. तडतड गेली.
उशीर तिथंच.

"तुमची थाप मागे पडतेय, काका."
बोलून गेले,
आणि बोलल्यावर ऐकलं काय बोलले ते.
कानांना कोणता बफर असतो देव जाणे.
ते रागावले नाहीत. ढोलक खाली ठेवला.
"चाकावर हातोडी मारून
भेग कुठं हाये, ते कानानं सांगत होतो मी.
मोजून घे."

मोजलं.
एक टिचकी स्पीकरला पाठवली,
माइकमधून परत यायची वाट पाहिली.
एकशे ऐंशी मिलीसेकंद.
शेहेचाळीस अंशांत आवाज जरा घाईनंच चालतो;
एवढ्या वेळात तो साठेक मीटर जातो,
म्हणजे जिना उतरून, गिरणी ओलांडून,
विहाराच्या फाटकापर्यंत.
पेंदाम तिथे उभे राहून पेटी वाजवत होते
आणि काका इथून साथ देत होते,
जशी ऐकू आली, नेमकी त्यावर.

स्पीकर ब्लूटूथचा. निळा, मुठीएवढा,
मुलानं हैदराबादहून पाठवलेला.
"वायरचा लावू का?"
त्यांनी तो उचलून जवळ घेतला, पुसला बाहीनं.
"याच्यातच ऐकीन ना मी."

मग स्पीकरचा विषय सोडला.
पडद्यावर ढोलकची पट्टी धरली
आणि डावीकडे सरकवली
आठ हजार सहाशे चाळीस सॅम्पल.
एकही थाप चुकलेली नव्हती.
सम आली तेव्हा माझी मान खाली गेली,
त्यांची थोड्या वेळानं,
स्पीकर त्यांच्या मांडीवर, हेडफोन माझ्या कानात.

पहिली शिट्टी त्यांनी सोडून दिली.
दुसरीला हसले.
"वरण लावलं वाटते पोरीनं.
हे काढू नको."
नाही काढत, म्हटलं.
"अन् आता तो कूलर लाव माय, जीव चालला."

फाइल ठेवली, बटण दाबलं.
पहिला झोत गरमच येतो.
पाणी वर चढायला वेळ लागतो.